नावावरचा अंगठा

उतेकरकाकांच्या हातात नाणं दिलं की आधी त्यांचा अंगठा कामाला लागायचा. त्यांची नाणी सुटी नसत, चपट्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांत बंद असत. डबीच्या वरच्या कडेला एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाण्याचं नाव, साल आणि परदेशातल्या कंपनीने तपासून दिलेला दर्जाचा नंबर छापलेला असतो, आणि हौशी लोक त्या नंबरावर जीव टाकतात. काका डबी घेतली रे घेतली की अंगठ्याने ती चिठ्ठी झाकून टाकायचे, डबी उजेडाकडे तिरकी धरायचे आणि श्वास रोखून बघत बसायचे. मग म्हणायचे, "आदी नाणं बग गो. नाव मागनं."

महाडला चवदार तळ्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांचा होता. भावाला तो नको होता आणि मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून माझ्याकडे आला. पासपोर्ट, लग्नं, डोहाळजेवणं, मार्चात तळ्यावर येणाऱ्या कुटुंबांचे फोटो, हा माझा धंदा. नाण्याचा फोटो काढायला कोणी एसटीने पोलादपूरहून येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

काका पहिल्यांदा आले ते नायलॉनच्या पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात लहान मुलाच्या जुन्या झबल्याचे तुकडे, आणि एका तुकड्यात गुंडाळलेली ती डबी. "दोनी बाजूंचा फोटो पायजे," म्हणाले. मी दोन मिनिटांत काढून दिला. काकांनी तो हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"बाय, चिठ्ठीचा फोटो मस्त आलाय. आता नाण्याचा काढ."

मला राग आला. पण खरंच, चिठ्ठीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि नाण्यावर माझी ट्यूबलाइट आडवी झोपली होती. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत झगडलो. प्लास्टिकवर चमक येऊ नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कॅमेरा लावला, दिव्यापुढे बटर पेपर धरला, आणि काका तो दिवा बोट-बोटभर सरकवत राहिले. शेवटी स्क्रीनवर तो पाव आणा उमटला. राणीच्या केसांची बट न् बट दिसत होती, आणि रंग चिंचेने घासलेल्या घागरीचा. मी आयुष्यात इतका चांगला फोटो काढला नव्हता. काका फक्त "हां" म्हणाले आणि गाडी पकडायला गेले.

त्यानंतर दहाएक वर्षं ते येत राहिले. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मार्चातले गर्दीचे दिवस तेवढे टाळायचे, "तुझा धंद्याचा टाइम" म्हणून.

मुंबईला फोर्टात जुन्या नाण्यांचं एक दुकान होतं, तिथे काकांनी एकतीस वर्षं काढली. चहा आणण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी शेटजी त्यांना विचारल्याशिवाय तांब्याचं नाणं घेत नसत. सोनं-चांदी त्यांना आवडायची नाही. "चांदी काय, कुनालापन ओळख दाखवते," म्हणायचे. म्हातारपणी ते गावी परतले. गाव म्हणजे आंबेनळी घाटाच्या रस्त्याखाली डोंगराच्या कुशीत चौदा घरांची वाडी. काकी आधीच गेलेल्या. घरात मुलगा विलास, सून आणि पुढे नात झाली ती जुई. आणि डब्यात अकरा नाणी, अकरा प्लास्टिकच्या डब्यांत.

त्यांचे नियम कडक होते. नाण्यावर बोलायचं नाही, ते डबीत असलं तरी; तांब्याला तोंडाची वाफ लागते. त्यामुळे काका आले की आम्ही दोघं तोंडाला रुमाल बांधून तासभर मुक्याने बसायचो. शेजारच्या टेलरने एकदा दारातून डोकावून हळूच विचारलं होतं, कोणी गेलं का म्हणून. दुसरा नियम, नाणं कधी धुवायचं नाही. घाण असली तरी ती त्याची आहे, राहू दे. आणि तिसरा नियम, डबी फोडायची नाही. ती परत जुळत नाही आणि मग त्या चिठ्ठीला अर्थ राहत नाही. "फोडली की मेली," असं ते म्हणायचे, आणि हे बोलताना त्यांचा चेहरा खरंच कोणी गेल्यासारखा व्हायचा.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ काकांना शोधत स्टुडिओत आले. त्यांच्याकडे एकाच सालचे दोन पाव आणे होते, दोन डब्यांत, एकाचा नंबर मोठा, एकाचा लहान. काकांनी दोन्ही चिठ्ठ्या दोन अंगठ्यांनी झाकल्या, डब्या पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि पुढे धरल्या. "कुठला घ्याल?" गृहस्थांनी ऐटीत डावीकडचा दाखवला. अंगठा निघाला, तो लहान नंबराचा होता. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. काका समजुतीने म्हणाले, "नंबर देनारापन मानूसच हाय. त्याला कदी सर्दी होत असंल."

पण काकांचं तोंड म्हणजे काय, हे मला कळलं ते त्यांच्या व्याह्यांच्या वेळी. विलासच्या सासऱ्यांच्या देव्हाऱ्यात एक शिवराई होती. शेतात सापडलेली, तीन पिढ्या पुजलेली, दसऱ्याला सगळ्या भावकीने पाया पडायची. ते मोठ्या अभिमानाने ती माझ्याकडे फोटोला घेऊन आले, आणि काका नेमके तिथे बसलेले. विलासच्या लग्नाला सहा महिने झाले नव्हते. काकांनी शिवराई कडेने धरली, बघितली, आणि परत ताटलीत ठेवली.

"ओतीव हाय. साच्यातली. जुनी नाय."

व्याही रडकुंडीला आले. मी टेबलाखालून काकांच्या पायाला पाय लावला. म्हटलं, काका, पुन्हा एकदा नीट बघा की. काकांनी पुन्हा बघितली, अगदी माझ्या समाधानासाठी, आणि म्हणाले, "नीटच बगितली. पूजा करा तुमी, पूजेला काय हरकत नाय. पन नाणं नाय ते." व्याही दीड वर्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. सून घरात आदळआपट करायची. मी काकांना म्हटलं, काय बिघडलं असतं हो म्हणालात तर? ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काय विचारतेय तेच त्यांना कळलं नव्हतं.

वाडीत त्यांना मुलं जुन्या ढब्बू पैशावरून ढब्बू आजा म्हणायची. वाडीत कोणाकडे बारसं असलं की काका भोकाचा पैसा घेऊन जायचे. हा पैसा घरोघरी जुन्या डब्यात एखादा तरी असतो. मधोमध वाटोळं भोक, एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला पानांची वेल. भोकातून काळा दोरा ओवून तो पैसा बाळाच्या कमरेच्या करगोट्याला बांधायचा, दृष्ट लागू नये म्हणून. काकांचा यावर विश्वास होता की नाही, मला माहीत नाही. पण बांधायच्या आधी ते पैसा माझ्याकडे आणायचे आणि त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्यायचे. फोटोखाली बाळाचं नाव घालायचं ही त्यांचीच सूचना. हे एकाच ठशाचे हजारो पैसे, फोटो कशाला, असं मी विचारलं होतं.

"एकसारके दोन नसत्यात," ते म्हणाले. "जुळ्यांची आई चुकते काय?"

जुई आणि शेजारच्या दीपालीची परी अकरा दिवसांच्या अंतराने झाल्या. काकांनी दोघींसाठी एकाच सालाचे, एकाच टाकसाळीचे दोन पैसे निवडले. "जोडीच्या पोरी, जोडीचे पैसे." त्या दिवशी ते फार खुशीत होते. माझी नेहमीसारखी परीक्षा घेतली, दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी लावून नावं झाकली आणि फरक शोधायला सांगितलं. मला दहा मिनिटं लागली. जुईच्या पैशावर मुकुटाच्या पायथ्याशी तिळाएवढा उंचवटा होता. ठशाला तडा गेला की असा दाणा येतो. परीच्या पैशावर तो नव्हता, आणि त्याचं भोक केसभर उजवीकडे सरकलेलं होतं. सापडल्यावर मी ओरडले, आणि काकांनी मला पहिल्यांदा चहा पाजला.

तळीयेची दरड कोसळल्यापासून आमच्याकडे डोंगराकडे बघायची नजरच बदलली आहे. पाऊस दोन दिवस थांबला नाही की वरच्या वाड्यांतले लोक मागच्या भिंतीला कान लावून झोपतात. तरी माणूस रोज उठून कामाला जातोच. काकाही त्या सकाळी पावसात महाडला आले. निघताना दीपाली त्यांना अंगणात भेटली होती. ती सासूची औषधं आणायला पोलादपूरला निघाली होती, परीला कडेवर घेऊन. काका म्हणाले, "एवड्या पावसात पोरीला कशाला नेतेस? ठेव आमच्याकडं. जुई हाय खेळायला." तिने ठेवली.

दुपारच्या गाडीने काका परत जायचे होते. मी त्यांना थांबवलं. एका फोटोत डबीच्या कडेची चमक राहिली होती आणि ती मला सहन होत नव्हती. "काका, अजून एकच," असं मी तीनदा म्हटलं. गाडी चुकली. पुढची आलीच नाही, कारण सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरायला लागलं होतं. काका त्या दिवशी माझ्या माळ्यावर कॅमेऱ्यांच्या पेट्यांशेजारी झोपले, आणि सकाळी फोन आला की वाडीवर डोंगर आला. चौदातली नऊ घरं गेली, त्यात काकांचं पहिलं. दीपाली रस्ता बंद झाल्याने पोलादपूरलाच अडकली होती, म्हणून वाचली. मी त्यांचा जीव वाचवला असं लोक मला सांगतात. काका तसं कधीच म्हणाले नाहीत.

विलास आणि सून तिसऱ्या दिवशी सापडली. काकांनी दोघांना अग्नी दिला आणि परत येऊन चिखलाच्या कडेला बसले. दीपालीची सासूही सापडली. दोन्ही पोरी सापडत नव्हत्या. दीपाली दिवसभर खोदणाऱ्या यंत्रामागून फिरायची, आणि तिला कोणी बाजूला घेऊ शकत नव्हतं.

सातव्या दिवशी मला काकांचा फोन आला. "बाय, लॅपटॉप घेऊन ये. जुईचा नि परीचा फोटो हाय ना त्यात?"

खालच्या गावातल्या शाळेत सगळे जमले होते. खाली ओढ्याच्या वळणावर एक पोर सापडली होती. एकच. सात दिवस पाण्यात आणि मातीत. कपडे नव्हते, आणि चेहऱ्याकडे बघून सांगता येईल असं काही राहिलं नव्हतं. नमुने पाठवून खात्री करायची तर किती दिवस जातील ते कोणी सांगत नव्हतं. तलाठी हळू आवाजात विचारत होता की घरच्यांना काही खूण पटते का. कमरेला काळा करगोटा होता, आणि त्याला पैसा.

काकांनी तो सोडवून घेतला. पैसा म्हणजे चिखलाची गोळी झाली होती. त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं आणि तो धुतला. दहा वर्षांत मी त्यांना नाणं धुताना पहिल्यांदा बघितलं. अंगठ्याने हळूहळू चोळत होते, बाळाचं तोंड पुसावं तसे.

मी बाकावर लॅपटॉप उघडला आणि दोन्ही फोटो शेजारी लावले. खाली मोठ्या अक्षरांत नावं होती, जुई, परी. काकांनी डाव्या हाताची बोटं स्क्रीनवर आडवी ठेवून दोन्ही नावं झाकली. उजव्या हातात पैसा. आजूबाजूला रडारड चालू होती, पावसाचा पत्र्यावर आवाज होता, आणि काका नेहमीसारखे श्वास रोखून बघत होते.

मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मुकुटाच्या पायथ्याशी तो तीळ होता. पाणी साचून चमकत होता. त्यांना तो माझ्याआधी दिसला होता हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

दीपाली व्हरांड्याचा खांब धरून उभी होती. नवरा मुंबईहून आलेला, पण त्या वेळी वर यंत्रापाशी होता. सात दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. ती म्हणाली, "काका, कुनाचा हाय?"

काकांनी पुन्हा एकदा पैशाकडे बघितलं. मग माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे नाही, सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "परीचा हाय गो. तुजी परी हाय ही."

दीपाली खाली बसली. "भेटली," म्हणाली. "भेटली गो माजी." आणि मग ती अशी रडली की सात दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं असावं. काकांनी लॅपटॉप मिटला. पैसा दोऱ्यासकट तिच्या मुठीत ठेवला आणि मूठ दोन्ही हातांनी बंद केली.

मी एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. कागदावर खोटं लिहिलं गेलं आणि मी तिथे उभी होते. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. पण ज्या माणसाने देव्हाऱ्यातल्या शिवराईसाठी स्वतःच्या व्याह्यांशी वैर घेतलं, त्याला खोटं बोलताना किती लागलं असेल, हे त्या व्हरांड्यात फक्त मलाच माहीत होतं.

आमच्याकडे एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. ओढ्यापलीकडे उंचवट्यावर तिला ठेवलं. काका वाडीतल्या इतर म्हाताऱ्यांसारखे रांगेत उभे राहिले आणि त्यांची पाळी आली तेव्हा एक मूठ माती टाकून बाजूला झाले. एकच मूठ, जेवढी शेजाऱ्याने टाकायची तेवढी.

परतताना ते माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. मग म्हणाले, "बाय, तुजा फोटो जरा हललेला होता. नाय?"

माझा फोटो हलत नाही. तेवढी एक गोष्ट मला येते.

"होय काका," मी म्हटलं. "हललेला होता."

थोडं पुढे गेल्यावर ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मीच म्हटलं होतं ना तिला. ठेव म्हनून."

तीन दिवसांनी शोध थांबवला. जुईचं नाव बेपत्ता म्हणून लागलं. कोणी विचारलंच तर काका डोंगराकडे हात करायचे आणि म्हणायचे, "हाय ती तितंच." वाचलेल्या माणसांना खालच्या गावात पत्र्याच्या शेड मिळाल्या. दीपालीची शेड त्यांच्या शेजारीच. ती त्यांना दोन वेळचं जेवण द्यायची आणि दर सोमवारी ओढ्यापलीकडे फुलं घेऊन जायची. काका तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत जायचे आणि अलीकडे दगडावर बसून राहायचे. पुढे या म्हटलं तरी जायचे नाहीत, असं तिनेच मला सांगितलं. पाय दुखतात म्हणाले, म्हणे.

दिवाळीनंतर दोघं स्टुडिओत आली. मी काकांना चार महिन्यांनी बघत होते. शर्ट अंगावर लोंबत होता. दीपालीने ब्लाउजमधून रुमाल काढला आणि त्यातून एक प्लास्टिकची डबी. "ताई, ह्याचा मोठा फोटो पायजे. फ्रेम करायचाय."

मी डबी ओळखली. काकांच्या पहिल्या पाव आण्याची. कड फोडून पुन्हा चिकटपट्टी लावलेली. आत तो भोकाचा पैसा, जागा मोठी पडते म्हणून भोवती कापूस. छापील चिठ्ठीवर कागदाचा तुकडा डकवलेला आणि त्यावर काकांच्या वळणदार अक्षरात नाव: परी.

"आणि आतला पाव आणा?" मी काकांना विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून तो काढून दाखवला. सुट्या पैशांबरोबर ठेवलेला. घामाने काळवंडला होता, राणीच्या गालावर बोटाचा ठसा उमटला होता.

मी पुठ्ठा लावला, बटर पेपर धरला. दिवा सरकवायला काका पुढे आले नाहीत. कॅमेऱ्यात तीळ स्पष्ट दिसायला लागला तेव्हा मी सवयीने म्हटलं, "चिठ्ठी कापून टाकू ना? नुसतं नाणं घेऊ."

"नको ताई, नाव पायजे," दीपाली घाईने म्हणाली.

"नावासकट काढ," काका म्हणाले.

मी काढला. दीपाली फ्रेमची पट्टी पसंत करायला शेजारच्या दुकानात गेली. मी कॉम्प्युटरकडे वळले. समोरच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना केस विंचरायचा आरसा आहे, त्यात मला मागचं टेबल दिसतं. काका खुर्चीतून उठले. स्टँडवरची डबी त्यांनी कडेने उचलली, दाराच्या उजेडाकडे तिरकी धरली. अंगठा नावावर ठेवला, आणि श्वास रोखून बघत राहिले. मी कीबोर्डवरचे हात तसेच ठेवले.

पायरीवर दीपालीच्या चपला वाजल्या. काकांनी अंगठा काढला आणि डबी तिच्या हातात दिली.